मेळपट्टी

गौरीहराच्या खोलीत नवरीला एकटीला बसवायचं, तिच्याशी कुणी फार बोलायचं नाही, ही रीत सांगलीत अजून टिकून होती. अपवाद फोटो काढणाऱ्याचा. मंजिरी वाळिंबे गळ्यात कॅमेरा अडकवून आत आली तेव्हा शर्वी पिवळी अष्टपुत्री नेसून पाटावर बसली होती. समोर चांदीची अन्नपूर्णा. तिच्यावर तांदूळ वाहायचे होते. नवरीची मूठ भरलेली होती, पण तिच्यातून दाणा काही पडत नव्हता.

"काकू, दार लावून घ्या," शर्वी म्हणाली. "आणि कॅमेरा बंद करा."

मंजिरी हसली. "अगं, कॅमेरा बंद करून मी इथे काय करू? पूजा सांगू?"

"बंद करा आधी."

आवाज ऐकून मंजिरीचं हसू मावळलं. तिने कडी लावली. शर्वीने मांडीखालून घडी घातलेलं एक कापड काढलं आणि जमिनीवर पसरलं. ते रुखवतातलं होतं. सकाळीच मंजिरीने त्याचे फोटो काढले होते, सप्तपदीच्या सुपाऱ्या आणि साखरेचं तुळशीवृंदावन यांच्या मधोमध मांडलेलं. पांढऱ्या कापडावर दोन नागमोडी रेषा, एक लाल, एक निळी. शर्वीच्या आत्याने हौसेने भरलेली, नवरा-नवरीच्या ठोक्यांची साखरपुड्याची मेळपट्टी.

"मोबाइलवर ही नखाएवढी दिसते," शर्वी म्हणाली. "चार महिने मी ती रोज बघतेय. आत्याने हातभर केली म्हणून आज नीट दिसली. ही लाल माझी. इथे बघा, एक ठोका लवकर पडलाय आणि मग जरा थांबलंय. माझं लहानपणापासून असं होतं. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, काहींचं हृदय मधूनच अडखळतं. आता निळी बघा."

मंजिरीला बघायची गरज नव्हती. तरी ती वाकली. निळी रेषाही, किंचित मागून, तिथेच अडखळली होती. तशीच, तेवढीच.

"आत्या कौतुकाने सांगत होती. म्हणाली, तुझी उडी तीच त्याची उडी, मला टाके वेगळे मोजावेच लागले नाहीत." शर्वीने मान वर केली. "माझी अडखळ निहारच्या छातीत कशी गेली, काकू?"

बाहेर सनईची ध्वनिफीत सुरू झाली होती. मुहूर्ताला फार वेळ उरला नव्हता.

मंजिरीच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ गावभागात होता. मागच्या खोलीत बसून ते खालून दिवा लावलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवत आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण पुसून टाकत. लहानगी मंजिरी विचारायची, "बाबा, हे खोटं नाही का?" ते म्हणत, "खोटं कसलं? आयुष्यभर भिंतीवर लावायचा आहे तिला. सोसवेल एवढं करतो, बस." पुढे व्हिडिओ कॅसेट आल्या. त्यात नवरा-नवरी गुलाबाच्या पाकळीतून बाहेर यायचे आणि बदामात बसून काश्मीरला जायचे. पुढे डोंगरावरून, धबधब्याखालून पळत येणारी जोडपी आली. मंजिरीने सगळं केलं. पळताना पाय मुरगळलेल्या नवऱ्याला पाठुंगळीला घेणारी नवरी तिने टिपली होती, आणि ऐन कन्यादानाच्या वेळी झोपी गेलेला नवरीचा बापही. लोक हसत, रडत, अल्बम घेऊन जात. अल्बम बघून कुणाचं लग्न मोडल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

मग ठोका-कॅमेरा आला.

त्यातलं शास्त्र तसं साधं आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या कातडीखालच्या केसासारख्या बारीक नळ्यांमध्ये रक्ताची एक लाट येते. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. त्यामुळे तेवढ्या क्षणापुरता चेहऱ्याचा रंग बदलतो, इतका कमी की माणसाच्या डोळ्याला तो कधीच कळत नाही. कॅमेऱ्याला कळतो. तो हा फरक शेकडो पटींनी वाढवतो आणि त्याची रेषा काढतो. कुठेही तार नाही, चिमटा नाही. दहा हातांवर उभं राहून कुणाचीही नाडी बघता येते. हे आधी दवाखान्यांसाठी निघालं होतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या नाजूक कातडीला काही चिकटवावं लागू नये म्हणून. तिथून ते लग्नात कसं शिरलं, कुणालाच सांगता येणार नाही. दोघांच्या रेषा एकाखाली एक ठेवायच्या, अंतरपाट दूर झाला की दोन्ही एकदम उसळतात का, एकमेकींच्या लयीत येतात का, ते बघायचं. कॅमेऱ्याच्या कंपनीने त्याला नाव दिलं मेळपट्टी. दोन-तीन वर्षांत ती मंगळसूत्राइतकी सक्तीची झाली. कार्यालयांनी स्टेजशेजारी मोठे पडदे बसवले. ब्यूटी पार्लरवाल्या मुली नवरीच्या कानाखालचा बोटभर भाग मेकअपविना मोकळा सोडू लागल्या, कारण कपाळावर मुंडावळ्या येतात आणि रंगाच्या थराखालची नाडी कॅमेऱ्याला दिसत नाही.

आणि साखरपुड्याची पट्टी नीट आली नाही म्हणून लग्नं मोडू लागली.

कॅमेऱ्याला फक्त ठोके कळत होते. ते भीतीचे आहेत की ओढीचे, कडक उन्हाचे आहेत की उपाशी पोटाचे, हे त्याला कळत नव्हतं. माहितीपत्रकात तसं लिहिलंही होतं. पण पडद्यावर रेषा नाचताना माहितीपत्रक कोण वाचतं? मग कंपनीनेच कॅमेऱ्यात एक सोय दिली. बटणाचं नाव होतं 'मेळ भर'. ते चालू असलं की जी रेषा नीट आहे तीच किंचित मागे सरकवून, जराशी कमी-जास्त करून दुसऱ्याची म्हणून दुसऱ्या रंगात काढली जाई. मूळ रेषा फक्त फोटोग्राफरकडे राहत. गावातले सगळे फोटोग्राफर ते चालू ठेवत. गिऱ्हाइकाला कुणी सांगत नसे.

मंजिरीनेही सांगितलं नव्हतं. वडिलांची पेन्सिल आणि हे बटण यांत फरक काय, असं ती स्वतःला समजावत आली होती.

"ती तुझीच रेषा आहे," ती आता म्हणाली. "निहारची म्हणून दाखवली, पण तुझीच."

शर्वीने कापडावरच्या निळ्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे चार महिने मी माझ्याच हृदयाकडे बघून लाजत होते."

"शर्वी, अगं..."

"त्याची खरी कशी होती?"

मंजिरी कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करू लागली.

"काकू, मी इथून उठणार नाही. मामा आला तरी नाही, बाबा आले तरी नाही."

"सपाट होती," मंजिरी म्हणाली. "जवळजवळ सपाट. ठोके संथ, एकसारखे. तू समोर आलीस तेव्हाही."

शर्वीची मूठ सैल झाली. तांदूळ अन्नपूर्णेवर न पडता तिच्या मांडीवर सांडले. ती रडली नाही. म्हणाली, "जा आणि त्याला विचारा. मुहूर्ताआधी मी त्याचं तोंड बघायचं नाही, असं आजीने बजावलंय. तुम्ही बघू शकता. कॅमेरा लावू नका, नुसतं विचारा. आणि मला खरं तेच येऊन सांगा."

वरपक्षाची खोली जिना चढून पलीकडे होती. निहार आरशासमोर उभा होता. त्याचा एक मित्र फेटा बांधत होता आणि फेट्याचं टोक पुन्हा पुन्हा निसटत होतं.

"काकू आल्या, सरळ उभा राहा," मित्र म्हणाला. "काकू, याची हनुवटी जरा लहान करता आली तर बघा."

"तू जरा बाहेर जाशील?" मंजिरी म्हणाली. "याचा एकट्याचा फोटो घ्यायचाय."

मित्र गेला. निहारने खिशातून रुपेरी पाकीट काढलं, एक गोळी हातावर घेतली आणि पाण्याबरोबर गिळली. लपवाछपवी काही नव्हती. डोकेदुखीची गोळी घ्यावी तितकं सहज.

"कसली रे गोळी?"

"ठोके मंद करणारी. रक्तदाबवाल्यांना देतात ती. डॉक्टरांना विचारून घेतो." आरशातूनच त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही काय विचारायला आलाय ते कळलं मला. साखरपुड्यालाही घेतली होती. आज ही दुसरी, पहिली सकाळीच झाली."

"का पण?"

निहार खुर्चीवर बसला. अर्धा बांधलेला फेटा कानावर आला होता. "माझं आधी एक ठरलं होतं, कराडला, मेळ भरायचं बटण यायच्या आधी. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. साखरपुड्याला मुलीची धाकटी बहीण सरबताचा ट्रे घेऊन आली. ट्रे तिच्या हातातून निसटायला लागला, मी दचकलो. कोण दचकणार नाही? पडद्यावर माझी रेषा छपराला भिडली. मुलगी समोर होती तेव्हा रेषेने हूं की चूं केलं नव्हतं, आणि बहीण आल्यावर एवढी उडी. त्यांच्याकडे कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी साड्या परत आल्या. ती बहीण अजून माझ्यामुळे तोंड लपवून फिरते म्हणतात. मी तर तिचा चेहरासुद्धा नीट पाहिला नव्हता, माझं लक्ष ग्लासांकडे होतं."

"मग तू गोळ्या घ्यायला लागलास."

"सपाट आली तर फोटोवाले भरून देतात, हे ऐकून होतो. उडी आली तर ती पुसत नाहीत."

मंजिरीच्या काळजाला लागलं, कारण ते खरं होतं. उडी पुसायची सोय त्या बटणात नव्हती. उडी लोकांना हवी होती.

"म्हणजे ती निळी रेषा तुझी नाही, हे तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून. पण शर्वी ती पट्टी बघून अशी खूष झाली की माझी जीभ उचलली नाही. रोज रात्री फोनवर म्हणायची, बघ, इथे तू माझ्यामागून धावतोयस." त्याने हात एकमेकांवर चोळले. "तिला कळलं ना?"

"कळलंय. खोलीतून बाहेर येत नाहीये."

निहारचा चेहरा उतरला. मंजिरीच्या गळ्यात कॅमेरा बंद होता आणि तिला तो चालू करावासाही वाटला नाही. चालू केला असता तरी त्याने शांत, सपाट रेषाच काढली असती. सकाळची गोळी केव्हाच लागू पडली होती. समोरचा मुलगा फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होता, आणि त्याची नाडी मात्र झोपेतल्यासारखी चालली होती.

"तिला सांगा, मी घाबरट आहे," तो म्हणाला. "आवडते की नाही ते मी गोळी न घेता अंकलीच्या पुलावर तिला सांगितलंय, तिथे कॅमेरा नव्हता. बाकी तिने ठरवावं. ती नाही आली तर तिच्यावर काही येणार नाही, एवढं मी बघेन."

मंजिरी जिना उतरून परत आली तेव्हा गुरुजींनी मुलीच्या मामाला हाक मारलेली होती. मामा दाराशी येऊन थांबला होता. "काय हो मंजिरीताई, किती फोटो काढाल? मुहूर्त काय तुमच्यासाठी थांबणार आहे?" "आलीच," म्हणत ती आत शिरली आणि पुन्हा कडी लावली. तिने एक शब्दही गाळला नाही. कराड, ट्रे, गोळी, अंकलीचा पूल, सगळं सांगितलं.

शर्वीने ऐकून घेतलं. "पुलावर सांगितलं होतं खरं," ती म्हणाली. "तेव्हा त्याचा आवाज असा फाटला होता की मला आधी हसूच आलं. आणि बघा, मी ते विसरले. पट्टी तेवढी लक्षात ठेवली."

"मग येतेस ना?"

"येते. पण आज ते बटण बंद ठेवा."

मंजिरीला हेच नको होतं. "बाळ, पडद्यावर सगळं दिसेल. तुझी रेषा उड्या मारतेय आणि त्याची सपाट. त्याचे सगळे नातेवाईक बसलेत, तुझे बसलेत."

"बसू देत."

"तेवढंच नाही गं. हे बटण आल्यापासून सपाट रेषा कुणी पाहिलेलीच नाही या गावात. आज पाहिली की उद्या प्रत्येक जण आपली पट्टी काढून बघेल. कितीतरी घरांत मी भरलेल्या पट्ट्या भिंतीवर आहेत. त्यातली काही घरं त्याच्याच जोरावर उभी असतील. त्यांचं काय करू?"

"मला नाही माहीत," शर्वी म्हणाली. "पण आज अजून एक खोटी काढलीत तर ती माझ्या भिंतीवर लागणार आहे. आम्ही दोघं रोज तिच्याखाली जेवणार, आणि दोघांनाही माहीत असणार."

दारावर थाप पडली. शर्वी उठली, मांडीवरचे तांदूळ वेचून तिने अन्नपूर्णेवर वाहिले आणि स्वतःच कडी काढली.

स्टेजवर मंजिरीने कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. बटणाची हिरवी खूण कोपऱ्यात चमकत होती. समोर अंतरपाट धरलेला, पांढऱ्या कापडावर कुंकवाचं स्वस्तिक. अलीकडे शर्वी, पलीकडे निहार, दोघांच्या हातांत हार. मंगलाष्टकं सुरू झाली आणि सवयीने सगळ्या सभागृहाच्या माना पडद्याकडे वळल्या. हल्ली नवरा-नवरीकडे बघायला कुणाला फुरसत नसे. पडद्यावर लाल आणि निळी, दोन्ही रेषा एका लयीत डुलत होत्या. कुणीतरी बाई म्हणाली, "किती छान मेळ आहे, नाही?"

मंजिरीला वडिलांची पेन्सिल आठवली. व्रण पुसून झाला की ते एक कच्ची प्रत आधी नवरीलाच दाखवत. चालेल का, विचारत. ती हो म्हणाली तरच छापत. हे ती सगळ्या वर्षांत कधी कुणाला सांगत बसली नव्हती, आणि स्वतःलाही नाही. तिने मात्र पट्टी भरताना कधी कुणाला विचारलं नव्हतं.

तिने बटण बंद केलं.

निळी रेषा एकदम बसली. वर लाल रेषा धडधडत होती, मधूनच अडखळत होती, आणि खाली निळी संथपणे, एकसारखी सरकत होती. अक्षता टाकायला उचललेले हात तसेच राहिले. गुरुजी एक ओळ चुकले आणि सावरले. निहारची आई गर्दीतून पुढे आली.

"मंजिरीताई, पडदा बिघडलाय का?"

"नाही वहिनी."

"मग दुरुस्त करा ना."

"बिघडलेला नाही, वहिनी. आहे तसंच आहे."

निहारच्या आईने एकदा पडद्याकडे आणि एकदा मुलाकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटून ती तिथेच उभी राहिली. शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट दूर झाला.

निहार शर्वीकडे बघत नव्हता. तो पडद्याकडे बघत होता. कराडला जसा बघत राहिला असेल तसाच, फाशीचा निकाल ऐकत असल्यासारखा. त्याचे मित्र, त्याची आई, गुरुजी, हातात ताम्हन धरलेली आत्या, सगळे पडद्याकडेच. सगळ्या सभागृहात एकटी शर्वी त्याच्याकडे बघत होती, हार उचलून, वाट बघत. हात अवघडले होते. वाट बघणं फार लांबलं तर ते खाली येणार, हे मंजिरीला कॅमेऱ्यातून स्पष्ट दिसत होतं. आणि एकदा खाली आले की परत वर जाणार नाहीत.

फोटो काढणाऱ्याने विधीत बोलायचं नसतं. मंजिरी बोलली.

"निहार, तिच्याकडे बघ. पडद्याकडे काय बघतोस?"

तो दचकला आणि वळला. त्याची रेषा दचकलीही नाही. पण त्याचे डोळे भरून आले होते, नाक लाल झालं होतं, आणि काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं होतं.

"मी गोळी..." तो पुटपुटला.

"कळलं," शर्वी म्हणाली. "वाक जरा. हात दुखायला लागलेत."

एरवी अशा वेळी मित्र नवऱ्याला उचलून धरतात, नवरीचा हात पोचू नये म्हणून. आज कुणी हलला नाही. निहार वाकला, इतका की फेटा सुटून अर्धा तिच्या हातावर आला. हार आणि फेटा यांचा गुंता झाला. शर्वीला हसू फुटलं. मागे कुणीतरी, बहुतेक आत्याने, अक्षता टाकल्या आणि मग सगळ्यांनी टाकल्या, जरा उशिराने, जरा विस्कळीत. निहारच्या आईने मात्र मूठ उघडायला वेळ लावला. उघडली.

मंजिरीने तो फोटो काढला. रेषांकडे तिने पाहिलं नाही.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा सभागृहात कुजबुज भरून राहिली होती. मंजिरी जिथून जाई तिथे बोलणं थांबे आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू होई. तिने ताट घेतलं नाही. खांबापाशी उभी राहून ती तिकाटणं आवरत होती, तेवढ्यात कडेवर मूल घेतलेली एक बाई जवळ आली. चेहरा ओळखीचा होता. कुठल्यातरी उन्हाळ्यात, कुठल्यातरी कार्यालयात, मंजिरीनेच तिचं लग्न टिपलं होतं. मुलाच्या तोंडाला श्रीखंड लागलं होतं आणि ते आईच्या खांद्याला पुसत होतं.

"काकू, ओळखलंत? आमची पट्टी तुम्हीच केली होती. टीव्हीच्या वर लावलीय आम्ही." तिने आवाज खाली आणला. "ते आजचं बघितलं म्हणून विचारते. आमची खरी होती ना हो?"

खरी होती म्हणून सांगणं एका शब्दाचं काम होतं. बाईला तेच ऐकायचं होतं. मंजिरीने तिकाटण्याचा पाय दुमडला.

"मूळ रेषा माझ्याकडे आहेत," ती म्हणाली. "बघायच्या असतील तर या. पण एकटी येऊ नका, दोघं या. दोघांचं हो असेल तरच दाखवीन."

बाईने मान वळवून पंगतीत आपल्या नवऱ्याला शोधलं. मंजिरीनेही तिकडे पाहिलं. तो पानावर बसलेला होता, वाढलेली जिलबी तशीच होती. त्याचं बायकोकडे लक्ष नव्हतं. तो केव्हापासून मंजिरीकडेच बघत होता, आणि विचारायला जवळ यावं की नाही, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.